प्रोसेसर मोठाच का बनवत नाहीत?

प्रश्न : डेस्कटॉप संगणकाच्या खोक्यात बरीच जागा रिकामी असते. मग ट्रान्झिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधले चालू-बंद होणारे सूक्ष्म स्विच, अधिकाधिक लहान करण्यासाठी अब्जावधी खर्च करण्यापेक्षा प्रोसेसरच आकाराने मोठा करून त्यात जास्त ट्रान्झिस्टर का बसवत नाहीत?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, कारण खोक्यातली जागा ही खरोखरच अडचण नाही. अडचण सुरू होते ती कारखान्यात. चिप ज्या सिलिकॉनच्या गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर तयार होतात, तिचा व्यास आज सर्वसाधारणपणे ३०० मिलिमीटर असतो आणि कितीही स्वच्छता पाळली तरी तिच्यावर कुठे ना कुठे सूक्ष्म दोष राहतातच. समजा, दर १० चौरस सेंटिमीटरमागे सरासरी एक दोष आहे. एक चौरस सेंटिमीटरच्या चिप केल्या, तर एका वेफरवर सहाशेहून थोड्या जास्त बसतात आणि त्यांतल्या सुमारे ९० टक्के निर्दोष निघतात. चिप आठपट मोठी केली, तर जेमतेम साठ-पासष्ट बसतात आणि निम्म्याहून कमी निर्दोष ठरतात. वेफरचा खर्च तोच राहत असल्याने आठपट मोठी चिप जवळजवळ वीसपट महाग पडते. दोष असलेला भाग बंद करून उरलेली चिप कमी दर्जाची म्हणून विकण्याची पद्धत आहे, त्यामुळे नुकसान काहीसे भरून निघते; पण मूळ गणित बदलत नाही. शिवाय वेफरवर नक्षी उमटवणारे यंत्र एका वेळी जास्तीत जास्त २६ × ३३ मिलिमीटरचाच भाग प्रकाशित करू शकते, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने ८५८ चौरस मिलिमीटरपेक्षा मोठी चिप काढताच येत नाही.

मला याहून महत्त्वाचे वाटते ते अंतर. प्रोसेसरचे काम घड्याळासारख्या ठोक्यांवर चालते. पाच गीगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पाच अब्ज ठोक्यांच्या प्रोसेसरमध्ये एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा फक्त सहा सेंटिमीटर जातो, आणि चिपमधल्या अतिबारीक तारांतून संदेश त्यापेक्षा पुष्कळ सावकाश पोहोचतो. तारेची लांबी दुप्पट केली की तिचा विद्युतरोध आणि धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दोन्ही दुप्पट होतात, म्हणून विलंब साधारण चौपट होतो. मध्ये मध्ये संदेश पुन्हा जोरकस करणारी मंडले घालून हा विलंब आटोक्यात आणता येतो, परंतु ती मंडले जागा आणि वीज दोन्ही खातात. म्हणजे पसरट प्रोसेसरला एक तर ठोका संथ करावा लागतो, नाही तर दूरच्या भागाकडून उत्तर येईपर्यंत अनेक ठोके वाट पाहावी लागते.

उष्णतेचे कारण अनेकदा घाईने सांगितले जाते. मोठ्या पृष्ठभागावर उष्णता पसरते, हे खरेच आहे. पण त्याच ट्रान्झिस्टरची संख्या दुप्पट केली की एकूण वीजवापरही जवळपास दुप्पट होतो. याउलट ट्रान्झिस्टर लहान केला की तो चालू-बंद करण्यासाठी लागणारी ऊर्जाही कमी होते. हा लाभ आकार वाढवून मुळीच मिळत नाही. एवढ्या खर्चाचे एक मोठे समर्थन हेच आहे.

तरीही मोठे प्रोसेसर हवेच असतात, आणि त्यासाठी हल्ली छोटे छोटे तुकडे स्वतंत्रपणे बनवून, तपासून, मग एकाच आवेष्टनात जोडले जातात. या तुकड्यांना चिपलेट म्हणतात. एएमडी कंपनीने २०१७ साली सर्व्हरसाठी आणलेल्या पहिल्या एपिक प्रोसेसरमध्ये असे चार तुकडे होते. दुसरे टोक म्हणजे सेरेब्रास या अमेरिकी कंपनीने २०१९ साली सादर केलेली, जवळजवळ अख्ख्या वेफरएवढी ४६,२२५ चौरस मिलिमीटरची चिप. दोष येणारच असे गृहीत धरून तिच्यात राखीव गाभे, म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणारे भाग (कोअर), ठेवलेले आहेत, आणि सदोष गाभ्यांना वळसा घालून काम चालते. मात्र तिला सुमारे १५ किलोवॅट वीज लागते आणि ती पाण्याने थंड ठेवावी लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासारखे, लाखो गाभ्यांत एकाच वेळी वाटून देता येणारे काम असेल तेव्हाच हा खटाटोप परवडतो. एकामागून एक पायऱ्यांनी चालणाऱ्या रोजच्या कामांना त्यातल्या बहुतेक गाभ्यांचा उपयोग होत नाही.