मुलगी परक्या बायांजवळ मन मोकळं करते, मग आई कशाला आहे?

प्रतापनगरच्या एका काकूंनी विचारलंय. मुलगी न्यू जर्सीला, बाळ अडीच महिन्यांचं. काकू डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा सगळं घेऊन गेल्या, सव्वा महिना शेक-मालिश केलं आणि नुकत्याच नागपूरला परत आल्या. आता जावई सांगतात की ती रोज रडून राहिली, बाळ झोपलं तरी हिचा डोळ्याला डोळा लागत नाही आणि दर आठवड्याला ऑनलाइन कुठल्या तरी आयांच्या ग्रुपमध्ये बसून घरातलं सगळं बोलते. काकूंना हेच खटकलंय.

काकू, रागावू नका, पण ती तिथे बसते हे वाचून मला तर बरं वाटलं. कसं आहे नं, तुमच्याजवळ बोलायचं तर तिला आधी तुमचा जीव सांभाळावा लागतो. ‘आई, मला बाळाला घ्यावंसंच वाटत नाही’ असं ती तुम्हाला कशी म्हणणार, तुम्ही इकडे रात्रभर जागणार, मग मावशीला फोन, मग कोणाची तरी नजर लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळा. तिकडे समोरची बाई नुसती म्हणते, हो गं, मलापण असंच व्हायचं, आता माझा पोरगा शाळेत जातो. एवढंच पुरतं कधीकधी.

आणि हे नुसतं मनाचं समाधान नाही बरं का. कॅनडात ओन्टारियोमध्ये ज्यांना डिप्रेशनचा धोका जास्त होता अशा 701 बाळंतिणींवर अभ्यास झाला, 2009 मध्ये छापून आला. अर्ध्या जणींना नेहमीच्या सोयींसोबत फोनवर एक मैत्रीण दिली, डॉक्टर वगैरे नाही, स्वतः यातून गेलेली आणि थोडं ट्रेनिंग घेतलेली आई. बाराव्या आठवड्यात डिप्रेशनची लक्षणं त्यांच्यात 14 टक्के जणींत दिसली, बाकीच्यांमध्ये 25 टक्के.

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी रडू येणं बहुतेकींना होतं, ते दोन आठवड्यांत जातं. तुमच्या मुलीचं ते दिवस केव्हाच उलटून गेलेत, म्हणून ग्रुपच्या भरवशावर थांबू नका, तिला डॉक्टरकडे जायलाच सांगा. तिथे एडिनबरा नावाची दहा प्रश्नांची यादी भरून घेतात, शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो, तो लपवू नको म्हणावं. दूध पाजताना चालणारी औषधंही असतात, ‘गोळ्या नको घेऊ’ हे इकडून सांगू नका. अमेरिकेत आयांसाठी 1-833-852-6262 ही फुकट हेल्पलाइन चोवीस तास चालते, दुभाष्याचीपण सोय आहे. पण भास होत असतील, दिवसचे दिवस झोपेशिवाय भलतंच बोलत असेल, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवावर उठायचे विचार असतील तर सरळ 911 या तिकडच्या इमर्जन्सी नंबरवर फोन, आणि तिला बाळाजवळ एकटं ठेवायचं नाही.

(पोटुशी असताना हे डिप्रेशन होतच नाही असं काहीजणी समजतात. तेव्हापण होतं, तेव्हापण बोलावं.)

आता तुमचं काम सांगते. व्हिडिओ कॉल लागला की आपण सगळे ‘बाळ दाखव, बाळ दाखव’ करतो, ती बिचारी फोन पाळण्यावर धरून उभी, आपल्याला दिसतं बाळाचं टोपडं आणि तिचा फक्त अंगठा. एखादा कॉल बाळाशिवाय करा नं. तिला विचारा, आज जेवलीस कधी, आंघोळ झाली का, आणि ‘तुला काय कमी आहे’ हे तर चुकूनही म्हणू नका, आमच्या वेळी वाड्यात चार बाया होत्या हेपण नको, तिच्या अपार्टमेंटमध्ये त्या चौघी नाहीत म्हणूनच तर ती ग्रुपमध्ये गेली.

जावयाला सांगा, ग्रुपच्या त्या तासाला बाळ त्यांनी घ्यायचं, दुसऱ्या खोलीत जायचं. मधे दार वाजवून ‘रडतोय, काय करू’ विचारायचं नाही. आणि तास संपल्यावर काय बोललीस हे त्यांनीही विचारायचं नाही, तुम्हीही नाही.