मचाणावरची सॅक केवढी?

प्रश्न : बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला चांदोलीत मचाणावर बसायचं आहे. सॅक कशी निवडावी? – एक वाचक, विटा

उत्तर : २० ते २५ लिटरची पुरे, मोठी सॅक शिडीत अडकते. कापड मात्र हाताने चुरगाळून बघाच. करकरणारं नायलॉन आणि वेल्क्रोचा चर्रर्र आवाज यांनी पाणवठ्यावर येऊ घातलेलं सांबर बिचकतं. चेनचे धातूचे लटकन काढून सुतळी बांधा. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. बाटल्या पाठीलगत ठेवा, नाहीतर तोल मागे जातो. खरं तर सॅक पाठीला लावून चढूच नये. वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यावी. भाकरी-चटणी फडक्यात बांधा, प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरते. वळवाचा भरवसा नाही, म्हणून कॅमेऱ्याला जलरोधक पिशवी हवीच. लाल उजेडाची बॅटरी वरच्या कप्प्यात.