चोर्ला घाटात गाडी तापते

प्रश्न : सपाटीला गाडी ठीक चालते, पण चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. रेडिएटर बदलावा का? (वाचक, साखळी)

उत्तर : एवढ्यात नको. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा, नाहीतर दाबाखालचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) अंगावर उसळेल. ते गढूळ, तांबूस दिसलं तर आत गंज असू शकतो. विहिरीचं पाणी ओतत असाल तर नळ्यांत क्षारही बसला असेल. फ्लश करून, म्हणजे आतली घाण धुवून काढून, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरा.

खरी घाण बहुधा एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत असते. टॉर्च मारून बघा: लाल माती, किडे, सुकी पानं. इंजिनच्या बाजूने पुढे, नळाच्या साध्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने रेडिएटरच्या पातळ पत्र्या (फिन्स) मुडपतात. खाऱ्या हवेने खाल्लेल्या फिन्स बोट लावताच भुगा होत असतील, तर मात्र रेडिएटर बदलाच.