वर तेल, खाली दगड

प्रश्न : मी फक्त शेंगदाणे आणि मीठ असलेलं पीनट बटर घेते. प्रत्येक बरणीत वर बोटभर तेल साचतं. ते मी ओतून देते, पण मग तळाचा भाग इतका घट्ट होतो की चमचा वाकतो. माल खराब असतो का?

उत्तर : माल चांगला आहे, ताई, ओतून देणं तेवढं थांबवा. शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं. दळताना ते सुटं होतं आणि जड कण हळूहळू खाली बसतात. नेहमीच्या पीनट बटरमध्ये थोडं हायड्रोजनेटेड, म्हणजे प्रक्रिया करून डालड्यासारखं घट्ट केलेलं, तेल घालतात, म्हणून तिथे हा थर दिसत नाही. तुम्ही ओतता ते तेल म्हणजे तळाचा मऊपणाच.

मीही सुरुवातीला चमच्याने ढवळायला गेले आणि निम्मं तेल ओट्यावर सांडलं. आता नवी बरणी झाकण घट्ट लावून रात्रभर उलटी ठेवते. सकाळी लांब, बोथट सुरी तळापर्यंत खुपसून सावकाश वर उचलत फिरवते. पाचेक मिनिटं लागतात, हात दुखतो. एकजीव झालं की लगेच फ्रिजमध्ये. थंडीत तेल दाटतं, मग वेगळं व्हायला फार वेळ लागतो. लावायला जड वाटलं, तर थोडा वेळ आधी बाहेर काढा.

तरीही फारच पातळ वाटलं, तर चमचाभर तेल काढा आणि फोडणीला वापरा. मात्र तेलाला खवट वास आला, तर अख्खी बरणी टाका.