मुलीला स्वतःचे रूप आवडत नाही; आंतरिक सौंदर्याचे महत्त्व तिला कसे पटवून द्यावे?

आपण लिहिले आहे की आपली मुलगी नववीत आहे, गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात समूहनृत्यात तिला रंगावरून मागच्या रांगेत उभे केले गेले आणि तेव्हापासून ती फोटो काढू देत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीतून बाहेर येत नाही, आणि ‘मन सुंदर असले की झाले’ असे आपण समजावू लागलात की उठून जाते. यंदाच्या नाचातून तिचे नाव काढून घ्यावे का, असेही आपण विचारले आहे. मी सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवले, त्यांतली बरीच वर्षे मुलींच्या शाळेत. मी समुपदेशक नाही. तेव्हा हे उत्तर एका निवृत्त शिक्षिकेचे आहे असे समजून वाचावे.

आधी एक कबुली देते. कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांना ओवाळायला आणि पुष्पगुच्छ द्यायला मुली निवडण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते, आणि मी दर वर्षी उजळ वर्णाच्या, नाकीडोळी नीटस मुली निवडत असे. मला तसे कोणी सांगितलेले नव्हते. हात आपोआप त्यांच्याकडेच वळत असे. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, “बाई, आम्हाला नेहमी खुर्च्या लावायलाच का बोलावता?” मी तबक घेतलेल्या मुलींच्या रांगेकडे पाहिले, मग खुर्च्या उचलणाऱ्या मुलींकडे पाहिले, आणि तिला काय म्हणायचे आहे ते मला लख्ख दिसले. उत्तर मात्र मी दिले नाही. “वर्गात जा,” एवढेच म्हणाले. पुढच्या वर्षापासून मी चिठ्ठ्या टाकून नावे काढू लागले, पण त्या मुलीला उत्तर देणे राहिले ते राहिलेच.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्या मुलीला जे जाणवले तो तिच्या मनाचा खेळ नसण्याचीच शक्यता अधिक आहे. “तसे काही नसेल गं, उंचीमुळे मागे उभे केले असेल,” असे आपण म्हणालात तर तिच्या दुःखात आणखी एका गोष्टीची भर पडते: जे तिने स्वतः पाहिले त्यावरही घरचे विश्वास ठेवत नाहीत. त्यापेक्षा “जे झाले ते चूक होते, आणि चूक तुझी नव्हती,” हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे आणि त्याला ‘पण’ जोडू नये.

हा ‘पण’च सगळा घोटाळा करतो. गोऱ्या मुलीला कोणी मुद्दाम बसवून आंतरिक सौंदर्याबद्दल सांगत नाही. ज्या मुलीला ते सांगितले जाते तिला त्यामागचे न उच्चारलेले वाक्य बरोबर ऐकू येते: दिसायला तू अशीतशीच आहेस, तेव्हा आता मनावर भागव. ‘आपला विठोबाही सावळाच आहे’ हे सांत्वनही मी वर्गात एकदा करून पाहिले होते. त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, “बाई, विठोबासाठी कोणी स्थळे बघत नाही.” सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि त्यानंतर तो दाखला मी पुन्हा कधी दिला नाही.

मग आंतरिक सौंदर्य दाखवायचे कसे? माझा अनुभव असा की त्याचे नावच घेऊ नये. जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच सांगावे. “तू किती गुणी आहेस” हे वाक्य हवेत विरते. “आजीच्या गोळ्या तू वारांप्रमाणे डबीत लावून ठेवल्यास, त्यामुळे या आठवड्यात तिची एकही गोळी चुकली नाही,” हे वाक्य मुलगी नाकारू शकत नाही, कारण ते घडलेले आहे. इथे एक सावधगिरी मात्र हवी. आपल्याकडे मुलीचे ‘सुंदर मन’ म्हणजे बहुतेक वेळा सोशीक, उलट न बोलणारे, सगळ्यांच्या ताटात वाढून मग स्वतः बसणारे मन असते. कौतुक फक्त त्याचेच झाले तर चेहऱ्याच्या जागी दुसरा एक साचा येतो, एवढेच. अन्याय दिसल्यावर प्रश्न विचारणे, न सुटणाऱ्या उदाहरणाशी तासभर झटणे, मैत्रिणीची चेष्टा चालली असताना “पुरे” म्हणणे, ही देखील मनाचीच रूपे आहेत. खुर्च्यांबद्दल विचारणाऱ्या मुलीकडे त्या दिवशी ते होते आणि मी तिला वर्गात पाठवले.

घरातल्या बोलण्याकडे आठवडाभर कान देऊन पाहावे. “उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील”, “हा रंग तुला उठून दिसत नाही”, “आत्याच्या वळणावर गेली” ही वाक्ये कोणी दुष्टपणाने बोलत नाही, आणि म्हणूनच ती अधिक खोल जातात. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकुशा’ किंवा ‘नकोशी’ अशी नावे असलेल्या २८० हून अधिक मुलींची नावे एका समारंभात बदलण्यात आली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ठेवलेले ते नाव त्या मुली शाळेच्या हजेरीत रोज ऐकत होत्या आणि रोज त्याला ‘हजर’ म्हणत होत्या. आपल्या घरात असे नाव कोणी ठेवलेले नसेल. पण वर्षानुवर्षे कानावर पडणारे एखादे विशेषणही हजेरीतल्या नावासारखेच अंगाला चिकटते. आई आरशासमोर उभी राहून स्वतःबद्दल काय बोलते, हेही मुलगी ऐकत असते. हे वाचून अपराधी वाटून घेऊ नये, फक्त लक्ष ठेवावे.

रंगाबद्दल विज्ञानाची शिक्षिका म्हणून थोडे विस्ताराने लिहिते, कारण मुलींना उपदेशापेक्षा माहिती अधिक धीर देते, असे मी पाहिले आहे. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या त्वचेत साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यात. हे मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करते. म्हणजे सावळी त्वचा ही अपुरी राहिलेली गोरी त्वचा नव्हे. आपल्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात ती आपले काम उत्तम करणारी त्वचा आहे. गोरेपणाची देशातली सर्वांत प्रसिद्ध क्रीम १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये कंपनीने तिच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ घातला. काळ्या रंगाची व्यक्ती दुःखी, अपयशी किंवा लग्नाच्या बाजारात मागे पडलेली दाखवू नये, असे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेने २०१४ मध्येच बजावले होते. या तारखा मुलीसमोर ठेवाव्यात आणि त्यांचा अर्थ तिचा तिला लावू द्यावा. आपल्या न्यूनगंडावर कोणाचे तरी दुकान चालते, हे चौदाव्या वर्षी कळले की मुलीला राग येतो, आणि लाजेपेक्षा राग केव्हाही बरा.

याच संदर्भात एक तपासणी मात्र न चुकता करावी. ती गुपचूप काही लावते का, हे न रागावता विचारा. दुकानात ‘गोरे करणारे’ म्हणून मिळणाऱ्या काही मलमांत स्टिरॉइड असते. सुरुवातीला चेहरा खरोखर उजळतो, मग त्वचा पातळ होते, मुरुमे आणि लव वाढते, आणि मलम थांबवले की चेहरा लाल होऊन आग होते. काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार आढळल्याचे डॉक्टरांनी २०२३ मध्ये पुढे आणले. तिच्याकडे बेनामी क्रीम सापडली तर ती लगेच थांबवावी; स्टिरॉइडचे मलम असेल तर ते आपल्या मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

दुसरी तपासणी रक्ताची. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के भारतीय मुलींना रक्तक्षय आहे. ‘आत्मविश्वास नाही’ असा शेरा ज्यांच्या प्रगतिपुस्तकावर मी लिहिला, त्यांतल्या कित्येक जणी नुसत्या थकलेल्या असाव्यात, असे आता मला वाटते. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी अनेक मुली मळमळते म्हणून बाकाखाली टाकतात. ती जेवणानंतर घ्यावी आणि तिच्या आगेमागे चहा घेऊ नये. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडून उपचार घ्यावेत. गूळ-शेंगदाण्यांनी तेवढी तूट भरून निघत नाही.

अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला गणिताची शिक्षिका म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांना आरसा असलेल्या बंद खोलीत एकेकट्याने पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायला देऊन त्याच कपड्यांत गणिते सोडवायला सांगितली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणिते स्वेटरवाल्या मुलींपेक्षा अधिक चुकली. मुलांच्या बाबतीत तसे झाले नाही. खोलीत पाहणारे कोणी नव्हते, तरीही ‘आपण कशा दिसतो’ हा विचार डोक्यातली जागा व्यापून बसला. फळ्यापाशी बोलावल्यावर ओढणी सारखी करता करता उदाहरणाची दुसरी पायरी विसरणाऱ्या मुली मी शेकड्याने पाहिल्या आहेत. म्हणून शरीर दाखवण्याची नव्हे, तर वापरण्याची वस्तू आहे, याचा अनुभव देणारे काहीतरी रोजच्या दिनक्रमात हवे: सायकल, पोहणे, कबड्डी, ढोल-ताशा, गच्चीवरचा दोरीचा खेळ, काहीही. वजन कमी व्हावे या हेतूने मात्र नको. तसे केले तर पुन्हा आरशाकडेच जाणे होते.

मोबाइल काढून घेण्याने फारसे साधत नाही. तिच्याकडूनच फिल्टर कसा चालतो ते शिकून घ्यावे, आणि तो आपल्या चेहऱ्यावर लावून दोघींनी हसावे.

जेवण टाळणे, खाऊन मुद्दाम उलटी करणे, हातावर ओरखडे, आठवडेच्या आठवडे शाळा बुडवणे, यांपैकी काही दिसले तर हे सर्व बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे. मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ची १४४१६ ही शासकीय हेल्पलाइन विनामूल्य आहे.

आता नाचाबद्दल. नाव काढायचे की ठेवायचे हे आपण ठरवू नये, तिला विचारावे. तिला नाचायचे नसेल आणि निवेदन किंवा ध्वनियंत्रणा सांभाळायची असेल तर तेही तितकेच खरे काम आहे, मात्र ते तिने निवडलेले असावे, तिच्या वाट्याला आलेले नव्हे. नाचायचे असेल तर तालीम सुरू होण्याआधी आपण एकट्या जाऊन नृत्य बसवणाऱ्या शिक्षिकेला भेटा, तक्रारीचा सूर न लावता गेल्या वर्षी काय झाले ते सांगा, आणि दर कडव्याला रांगा बदलता येतील का ते विचारा. समूहनृत्यात हे सहज जमते, मी बसवलेले आहे. त्या बाई कदाचित ओशाळतील. मला कोणा आईने असे येऊन सांगितले असते, तर मीही ओशाळले असते, आणि चिठ्ठ्या बऱ्याच आधी टाकल्या असत्या.