करंगळी का राहते? सुप्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉकबद्दल थोडं सविस्तर

तुझी अडचण मला समजली ती अशी: दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, पाचव्या मेटाकार्पलचं (करंगळीखालच्या तळहातातल्या हाडाचं) फ्रॅक्चर, अल्ट्रासाउंड लावून सुप्राक्लॅव्हिक्युलर दिला (क्लॅव्हिकल म्हणजे कॉलरबोनच्या वर, हाताच्या नर्व्हच्या जाळ्याभोवती, म्हणजे प्लेक्ससभोवती, औषध टाकून हात बधीर करायचा), २५ मिली औषध गेलं. अंगठा-तर्जनी ठार बधीर, पण करंगळीला चिमटा काढला की पेशंट हात ओढतो. महिन्यात तिसऱ्यांदा हे झालं आणि शेवटी जीए (पूर्ण भूल) द्यावा लागला. वर युनिटमधलं कोणीतरी म्हणालं, "पुढच्या वेळी इंटरस्केलीन देऊन बघ."

आधी त्या सल्ल्याचा निकाल लावू. अजिबात नको. इंटरस्केलीनमध्ये, म्हणजे मानेत दिलेल्या ब्लॉकमध्ये, तुला सी५, सी६, सी७ ही मणक्यातून निघणारी नर्व्हची मुळं सिग्नलच्या दिव्यांसारखी एकाखाली एक दिसतात आणि औषध तिथेच पसरतं. करंगळी येते सी८-टी१ वरून, ती मुळं त्याहून खाली आणि खोल. म्हणजे खांद्यासाठी जो ब्लॉक उत्तम, तोच करंगळीसाठी सगळ्यात वाईट. शिवाय डायफ्रॅम (श्वासाचा पडदा) हलवणारी फ्रेनिक नर्व्ह मानेतल्या अँटिरियर स्केलीन स्नायूच्या पुढच्या अंगावरूनच उतरते. २० मिली औषध टाकलंस की त्या बाजूचा डायफ्रॅम जवळजवळ प्रत्येक पेशंटमध्ये लुळा पडतो. तरुण पोराला जाणवणारही नाही, पण बिडीने फुप्फुसं खिळखिळी झालेल्या आजोबांना टेबलावर धाप लागेल. सुप्राक्लॅव्हिक्युलरमध्येही हे होतं, पण साधारण निम्म्या जणांत.

आता तुझी सुई. तुझं वर्णन वाचून मला खात्री वाटते की तू पडद्यावर द्राक्षाच्या घडासारख्या दिसणाऱ्या नर्व्हच्या गुच्छाकडे बघतोस आणि घडाजवळ पोचलास की थांबतोस. तिथे ट्रंक (मुळं जुळून बनलेले जाड दोर) आणि डिव्हिजन (त्यांच्या फांद्या) एकत्र दिसतात, चित्र सुरेख असतं, औषध टाकलं की घड फुगतो, आणि वाटतं झालं काम. पण वरवर जे दिसतं ते बहुतेक अप्पर आणि मिडल ट्रंकचं. लोअर ट्रंक, म्हणजे सी८-टी१, सगळ्यात खाली असते. सबक्लेव्हियन आर्टरीची (हाताकडे जाणाऱ्या धमनीची) बाहेरची कड आणि पहिली बरगडी जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात. आपण त्याला कॉर्नर पॉकेट म्हणतो. वरच्या थरात औषध साठलं की ते आपणहून खाली उतरेल या भरवशावर राहू नकोस. माझ्या अनुभवात करंगळी राहिलेल्या दहातल्या आठ ब्लॉकचं कारण हेच.

म्हणून मी क्रम उलटा ठेवते. आधी कोपरा, मग घड. प्रोब क्लॅव्हिकलला समांतर धरून खड्ड्यात टेकव आणि बीम छातीकडे वळव. आर्टरी सापडेल. पण आर्टरी सापडली म्हणून सुई घालू नकोस. तिच्याखाली काय आहे ते बघ. चकाकती रेघ आणि तिच्यामागे काळी सावली असेल, तर बरगडी. चकाकती रेघ श्वासासोबत सरकत असेल आणि तिच्याखाली धूमकेतूच्या शेपट्या लोंबत असतील, तर तो प्लुरा (फुप्फुसाचं आवरण). प्रोब थोडा थोडा तिरका करत राहा, जोवर आर्टरी बरगडीवर बसलेली दिसत नाही तोवर. बरगडी ही तुझी भिंत, सुई चुकली तर तिच्यावर अडेल. १९११ साली जर्मनीत कुलेनकाम्फने हा ब्लॉक लिहिला, स्वतःवर करूनही पाहिला, तेव्हाही त्याचा भरवसा या बरगडीवरच होता. त्याला ती डोळ्यांनी दिसत नव्हती, एवढाच फरक.

मग कलर डॉपलर एकदा फिरव. डॉर्सल स्कॅप्युलर आर्टरी कधीकधी घडाच्या मधूनच जाते, आणि साध्या चित्रात ती एखाद्या नर्व्हसारखी गोल काळी दिसते. मी स्वतः फसले आहे.

५० मिलिमीटरची सुई, बाहेरून आत, इन-प्लेन (सुई बीमच्या रेषेत). टोक दिसत नसेल तर एक मिलिमीटरही पुढे नाही, यात तडजोड नाही. कोपऱ्यात पोचलास की अ‍ॅस्पिरेट करून (सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना हे बघून) एक-दोन मिली टाक. आर्टरी बरगडीवरून हलकेच वर उचलली जाताना दिसली पाहिजे. ते दिसलं की निम्मं औषध तिथेच, उरलेलं सुई थोडी मागे घेऊन घडाच्या वरच्या अंगाला. घडाच्या आत मी शिरत नाही, काही जण शिरतात. औषध ढकलणाऱ्या सिस्टरला सांगून ठेव की अंगठ्याला जोर लागला तर लगेच ओरडायचं.

डोसचा हिशोब सिरिंज भरण्याआधी. ५० किलोच्या बाईला २ मिलिग्रॅम प्रति किलो धरलं तर बुपिव्हॅकेन (बधीर करणारं औषध) १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्क्याचं फक्त २० मिली. तू म्हणतोस ते २५ मिली ०.५ टक्क्याचं असेल तर काही पेशंटमध्ये तू हद्द ओलांडतोयस. २० टक्के लिपिड इमल्शन त्या थिएटरमध्येच आहे का, हे रोज सकाळी बघ. औषध रक्तात जाऊन विषबाधा झाली तर ते १.५ मिली प्रति किलो लागतं, आणि तेव्हा स्टोअरच्या किल्लीमागे धावायला वेळ नसतो.

करंगळी राहण्याचं दुसरं कारण साधं आहे: घाई. पालिकेच्या यादीत सहा केस, सर्जन दहाव्या मिनिटाला पेंटिंग (हाताला जंतुनाशक लावणं) सुरू करतो. बुपिव्हॅकेनला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि करंगळी बऱ्याचदा शेवटी येते. पुढच्या पेशंटचा ब्लॉक आधीच रिकव्हरीच्या कोपऱ्यात देऊन ठेवता आला तर बघ. सर्जनला हात देण्याआधी पुश-पुल-पिंच-पिंच कर: कोपर ताठ करून ढकलता येतं का (रेडियल नर्व्ह), वाकवून ओढता येतं का (मस्क्युलोक्युटेनियस), तर्जनीला चिमटा (मीडियन), करंगळीला चिमटा (अल्नर). अर्ध्या मिनिटाचं काम. "काकू, हात जड झालाय का?" एवढंच विचारून भागत नाही, काकू तुझ्या समाधानासाठी हो म्हणतात.

आणि तरी करंगळी राहिलीच तर लगेच जीएकडे पळू नकोस. अर्ध्या फोरआर्मवर प्रोब ठेव. मनगटाकडे अल्नर नर्व्ह आर्टरीला चिकटून असते, वर सरकत गेलं की आर्टरी तिला सोडून दूर जाते. तिथे ३ ते ५ मिली पुरतं, फक्त एकूण डोसमध्ये ते मोज. मनगटावर देऊ नकोस, कारण हाताच्या मागच्या बाजूला जाणारी डॉर्सल फांदी मनगटाच्या काही सेंटिमीटर वरच फुटून निघते आणि तुझ्या मेटाकार्पलवरची कातडी तिचीच. कोपराच्या खोबणीतही नको, ती जागा अरुंद आहे, नर्व्ह दबते. मात्र टूर्निकेटचं (रक्त थांबवायला दंडाला आवळलेल्या पट्ट्याचं) दुखणं या रेस्क्यूने जाणार नाही. दंडाच्या आतल्या बाजूला टी२ मधून येणारी इंटरकॉस्टोब्रेकियल नर्व्ह असते, ती कुठल्याच प्लेक्सस ब्लॉकमध्ये येत नाही. तिच्यासाठी काखेजवळ कातडीखाली औषधाची एक रेघ ओढ.

तुमच्या पिढीला अल्ट्रासाउंडचं मशीन मिळतं याचा मला खरंच हेवा वाटतो. आम्ही शिकलो ते सबक्लेव्हियनची नाडी चाचपून आणि "झिणझिण्या आल्या का?" विचारत. त्या काळात माझ्या हातून एका उंच, किडकिडीत मुलाला न्युमोथोरॅक्स (छातीत हवा शिरून फुप्फुस मिटणं) झाला. टेबलावर सगळं ठीक, संध्याकाळी वॉर्डात खोकला आणि छातीत दुखणं, एक्स-रे, मग ड्रेन. म्हणून आजही ब्लॉकनंतर खोकला आला की मी तो सोडून देत नाही. फ्रीलान्सिंग करायला लागलास की हे जुनं शिक्षण पुन्हा लागेल. बोरिवली ते भांडुप बॅग घेऊन हिंडशील, पण पीसीपीएनडीटीमुळे (गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यामुळे) मशीन ज्या जागेच्या नावावर नोंदलंय तिथेच राहतं, तुझ्या बॅगेत येत नाही. नर्व्ह स्टिम्युलेटर (सुईतून हलका करंट देऊन नर्व्ह शोधणारं यंत्र) मात्र येतो. त्याच्यावरही नियम हाच: ०.५ मिलिअँपिअरच्या आत बोटं हलली पाहिजेत, नुसता खांदा उडाला तर समाधान मानू नकोस. आणि ०.२ च्याही खाली हलत राहिली तर सुई मागे घे, टोक बहुधा नर्व्हच्या आत आहे.

एक राहिलं. वॉर्डात पाठवताना हात स्लिंगमध्ये घाल आणि नातेवाइकांना सांग. झोपेत तो बधीर हात स्वतःच्याच नाकावर आपटलेले पेशंट मी पाहिलेत. एका मावशींनी तर रात्री शेजारी पडलेला हात उचलून सिस्टरला विचारलं होतं, "अगं, हा कुणाचा?"

पुढचा ब्लॉक देशील तेव्हा औषध टाकण्याआधीचं चित्र गोठवून इथे टाक, कोपरा सापडलाय का सांगते. पेशंटचं नाव वरच्या पट्टीत असतं, ते कापून टाक.