गोळी चालू ठेवा, उद्या सकाळी साखर तपासा

पत्र: माझ्या ३१ वर्षांच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आठ महिन्यांपूर्वी ओलान्झापीन १५ मिलिग्रॅम सुरू झालं. भास थांबले, पण वजन ६२ वरून ७६ किलोवर गेलं. सारखी भूक, रात्री तीन-चारदा उठून पाणी, मग लघवी. दिवसाला दहा सिगारेटी चालूच आहेत. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "त्याच्या डोक्याचंच आहे ते." आई म्हणते, गोळ्याच बंद करू. – एक बहीण, सांगली

ताई, आजची गोळी चुकवू नका. आणि उद्या सकाळी, चहाच्याही आधी, त्याला लॅबमध्ये घेऊन जा. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) एवढं सांगा. रात्रीची तहान, वारंवार लघवी आणि आठ महिन्यांत चौदा किलो हे सगळं एकत्र दिसलं की आधी मधुमेहच शोधायचा असतो. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा वर आलं, तर तो मधुमेह धरतात. तोवर पाणी मात्र तोडू नका. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा गुंगी दिसली तर रिपोर्टची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.

"डोक्याचंच आहे" या उत्तराचं फार वाईट वाटलं. मानसिक रुग्णाची शारीरिक तक्रार अशीच बाजूला पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गंभीर मानसिक आजार असलेल्यांचं आयुष्य १० ते २० वर्षांनी कमी भरतं, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा असतो. ते वेळेत सापडले तर आवरता येतात.

आईंचा राग चुकीचा नाही. ओलान्झापीनने भूक खरोखर वाढते, पोट भरल्यासारखं वाटतच नाही. त्याला हावरट म्हणू नका, डबे कुलूपबंद करू नका. पण फिनलंडमध्ये ६६,८८१ रुग्णांचा ११ वर्षांचा अभ्यास झाला, तो २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण औषध अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. नियमित औषध घेणाऱ्यांची देखभालही बरी होत असेल, हे धरलं तरी गोळी एकदम बंद करण्याच्या बाजूने त्यात काही सापडत नाही. आजार उलटला तर झोप, जेवण, तपासण्या सगळंच सुटतं.

मानसोपचारतज्ज्ञांना थेट विचारा: वजन सुरुवातीच्या पाच टक्क्यांहून जास्त वाढलंय (इथे ते जवळपास तेवीस टक्के आहे), तर अॅरिपिप्राझोलसारख्या, वजन कमी वाढवणाऱ्या औषधावर हळूहळू नेता येईल का? की हेच ठेवून मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध जोडायचं? मधुमेह नसतानाही वजनासाठी ते देतात, फक्त आधी क्रिएटिनिन पाहतात. खरं तर पहिल्या तीन महिन्यांत दर चार आठवड्यांनी वजन आणि बाराव्या आठवड्याला रक्त तपासायला हवं होतं. ते राहून गेलं असेल तर आता सुरू करा.

घरी आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत वजन घ्या आणि वहीत त्यालाच लिहू द्या. कंबर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर ठेवा, श्वास सोडल्यावर आकडा वाचा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही हद्द. आणि चहा मोजा! दिवसाला सहा कप, कपात दोन चमचे, म्हणजे जवळपास ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जेवणावर बोलण्याआधी इथून कमी करा.

सिगारेट सुटायलाच हवी, पण तारीख ठरली की आधी डॉक्टरांना कळवा. धुरामुळे यकृत ओलान्झापीन लवकर संपवतं. सिगारेट थांबली की काही दिवसांतच तोच डोस अंगावर जास्त चढतो, माणूस पेंगायला लागतो. निकोटिनची च्युइंगम चालू असली तरी हे होतं, कारण यकृतावरचा हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. तेव्हा डोस कमी करावा लागेल का, हे त्यांनाच ठरवू द्या.